उजव्या हातावरचं चक्र

४ जून १९५९, मद्रास

पोचले एकदाची! मेलच्या डब्यातला कोळसा अजून केसांत आहे, दोनदा न्हाले तरी निघाला नाही. पण आज माझं मन इतकं प्रसन्न आहे की कोळशाचंही कौतुक वाटतंय. अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न झालं. सांगलीच्या शाळेतल्या बायका मला तोंडावर शैलाबाई आणि पाठीमागे घोडनवरी म्हणत. म्हणोत बापड्या. घोडं गंगेत न्हालं.

हे, म्हणजे अनंतकृष्ण राव, रेल्वेच्या हिशेब कचेरीत आहेत. अडतीस वर्षांचे, उंच, सावळे, बोलायला अगदी बेताचे. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेलं. यांची मराठी ऐकताना जुनी पोथी कुणी तमिळ हेल काढून वाचतंय असं वाटतं. स्टेशनावर उतरल्या उतरल्या विचारलं, "दमलीस कां गे? कापी घेतेस?" मी हसू दाबत 'घेतें' म्हटलं. पितळेच्या पेल्यातली ती कॉफी मात्र अशी होती की सांगलीच्या चहाची आठवण पुसली गेली.

घर टी. नगरात, पनगल पार्कच्या मागच्या गल्लीत. पुढे बसायला ओटा, त्याला इथे थिण्णै म्हणतात. मागे विहीर आणि दोन माड. घरात आम्ही तिघंच. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस त्या हाताने ओळखतात. मी वाकले तशी त्यांनी माझे हात धरले, मनगटांवर अंगठा फिरवला आणि सोडून दिले. "ही नवी," म्हणाल्या. एवढंच.

मी दुसरेपणाची आहे हे ठाऊक असूनच आले. पहिली अंबुजा चार वर्षांपूर्वी विषमज्वराने गेली, मूलबाळ नाही. दिवाणखान्यात तिचा फोटो आहे. त्यालाही नमस्कार केला. गेलेल्या माणसाचा कसला आलाय हेवा!

१४ जून

घरात रुळते आहे. भात तीन वेळा खायची सवय होत नाही, पण रसम जमलं. सकाळी दाराशी तांदळाच्या पिठाचं कोलम घालायचं असतं. माझ्या रेघा वाकड्या जातात म्हणून मोलकरीणच घालते आणि हसते.

आज यांची धाकटी बहीण चंद्रिका आली होती. मैलापुरात राहते, शाळेत शिकवते, त्यामुळे आमचं लगेच जमलं. वहिनीला इथे मन्नी म्हणतात. मी तिची 'शैलामन्नी'. अंबुजा मात्र नुसती 'मन्नी'. तिच्या नावाला पुढे-मागे काही लावावं लागत नाही. मन्नीचं लोणचं, मन्नीचा गळा, मन्नीचा हात.

हाताचं प्रकरण मी मुद्दाम विचारून घेतलं. ही माध्व मंडळी. आषाढी एकादशीला मठात स्वामी होमात तापवलेली शंख-चक्राची मुद्रा अंगावर टेकवतात. पुरुषांना दंडावर, छातीवर. बायकांना मनगटाच्या वर, उजव्या हाताला चक्र, डाव्याला शंख. अशा माणसाच्या वाटेला यमाचे दूत जात नाहीत म्हणे. डाग पंधरवड्यात जातो आणि दरवर्षी नवा घ्यायचा. अंबुजाच्या उजव्या हातावरचं चक्र मात्र कधी गेलंच नाही. नव्या नवरीच्या पहिल्या एकादशीला तिने स्वतःच हात तापल्या मुद्रेवर दाबला होता. मठात गलका झाला. ती म्हणाली, "पुसट नको मज."

फोटोत तिचा तो हात मांडीवर आहे, पण पदर नेमका मनगटावर आलाय. मी खुर्चीवर चढून जवळून पाहिलं. माझंच मला हसू आलं.

१६ जुलै

आज मुद्रा घेतली! आमच्या सांगलीच्या स्मार्तांच्या घरात डाग देतात ते पोटदुखीच्या पोराला, त्यामुळे मी घाबरले होते. मठात ही गर्दी. ओल्या सोवळ्यातल्या बायकांच्या रांगेत तासभर उभी होते. होमाचा धूर, तुळशीचा वास, आणि पुढे एकेकीचं 'स्स' असं ऐकू येत होतं. माझी पाळी आली आणि कळायच्या आत झालंही. उजव्या हातावर लहानसं लाल चक्र, डाव्यावर शंख. चटका म्हणजे तव्याला बोट लागावं तेवढाच.

येताना जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, यांनी माझा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा. आपण होऊन. "दुखतें कां?" विचारलं. मी नाही म्हटलं, पण हात सोडवला नाही.

घरी सासूबाईंनीही हात चाचपला आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "बस गे, जेव."

२८ जुलै

डाग गेला. शंख तर आठवड्यातच गेला, आज चक्रही धुऊन निघालं. आणि त्याबरोबर सगळंच गेलं. हे रात्री माझ्याकडे पाठ करून झोपतात. सासूबाई माझं मनगट चाचपतात आणि रिकाम्या भांड्यासारखं खाली ठेवतात.

काल त्यांनी सहज सांगितलं की अनंतूला झोप लागत नसे तेव्हा तो अंबुजाच्या त्या चक्रावर अंगठा ठेवून पडे, की लगेच झोपे. सहज सांगितलं हो!

लिहूनच टाकते. मला तिचा मत्सर वाटतो. जिवंत सवत असती तर झिंज्या उपटून मोकळी झाले असते. मेलेली सवत काही चुकत नाही, म्हातारी होत नाही, तिचं रसम कधी खारट होत नाही. तिच्याशी भांडायचं कसं? मला हे माणूस हवंय. अर्धं नको, उरलेलं नको. पूर्ण हवंय.

२ ऑगस्ट

आज धोब्याने कपडे आणले. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात आमच्या घराची काळी खूण, दोन टिंबं आणि एक रेघ. ती बिब्ब्याने करतात. कितीही भट्ट्या चढल्या तरी जात नाही, आणि खूण पाहूनच कपडा ज्याचा त्याच्या घरी जातो. मी ती चादर हातात धरून बराच वेळ उभी होते.

आईने बाळंतपणाला लागेल म्हणून वेखंड-जायफळाबरोबर चार बिब्बेही बांधून दिले आहेत. दुपारी सासूबाई झोपल्यावर एक काढला. सुईवर टोचून दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं. डाव्या हाताने, सुईच्या टोकाने, उजव्या हातावर चक्र काढलं. स्वामींच्या मुद्रेएवढंच, त्याच जागी. शाळेत भूमिती शिकवायची, वर्तुळाला घाबरणारी मी नव्हे. शंखाच्या भानगडीत पडले नाही. तिचंही चक्रच टिकलं होतं.

यात पाप आहे का? मठातली मुद्रा मंत्राची, ही माझ्या हट्टाची. पण देवाला फसवत नाहीये मी. एका बाईला फसवते आहे.

६ ऑगस्ट

बिब्बा उतला. हात कोपरापर्यंत सुजलाय, फोड आलेत, खाज अशी की जीव नको होतो. दोन दिवस ताप होता. उकळतं तेल उडालं असं घरात सांगितलं. चंद्रिका खोबरेल लावून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मनातून मी खूश आहे.

१४ ऑगस्ट

खपल्या पडल्या. चक्र काळंभोर, उठावदार, बोटाला लागेल असं!

सकाळी मुद्दाम सासूबाईंना दूध दिलं. त्यांनी मनगट धरलं. अंगठा चक्रावर आला आणि थांबला. त्यांचा चेहरा कसा उजळला ते काय सांगू. "आलीस कां गे, अंबुजा?" म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अपमानाचं की आनंदाचं कोण जाणे. मी शैला, असं म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा अंगठा चक्रावरून पुढे कोपराकडे सरकला, काही तरी शोधू लागला. "शेपूट कोठें गेलें?" म्हणाल्या.

चंद्रिकेला विचारलं. ती म्हणाली, हो, हात दाबताना मन्नी हलली होती, म्हणून चक्रातून कोपराकडे बोटभर ओरखडा गेला होता. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नाही तर तेही काढलं असतं, असं मनात आलं.

१९ ऑगस्ट

शेपूट आलं आहे.

मी काढलेलं नाही. तिथे बिब्बा लागलाच नव्हता. काल रात्री कातडी साफ होती, आज बोटभर काळी रेघ. उरलेलं विष पसरलं असेल, बिब्ब्याचा काय भरवसा. अशी मनाची समजूत घातली.

आणि खरं सांगायचं तर विचार करायला फुरसत कुठे आहे! काल रात्री यांचा हात अंधारात माझ्या हातावर आला. अंगठा चक्रावर ठेवला आणि लहान मुलासारखे झोपी गेले. सबंध रात्र मी कुशीसुद्धा बदलली नाही. जिंकले मी!

३० ऑगस्ट

हे आता कचेरीतून थेट घरी येतात. येताना मोगरा आणि अबोली आणतात. शेजारच्या बायका बघत राहतात. सगळं कसं हवं तसं.

पण गजरा हातात देतात, उजव्या हातात. केसांत माळत नाहीत. जेवताना माझ्या हाताकडे बघतात. बोलतात तेही त्याच्याशीच. परवा 'अंबु' म्हणाले. चुकून असेल. काल परत म्हणाले. मी तोंड फिरवलं, तर म्हणाले, "हात काढूं नकोस गे."

हात.

आज पहाटे मी दाराशी कोलम घातलं. सोळा टिंबांचं, एक रेघ न तुटता. मोलकरीण हसली नाही. मला कोलम येत नाही.

८ सप्टेंबर

स्वतःच्या हाताचा मत्सर वाटलेली बाई कुणी पाहिली आहे का? आपलेच दात, आपलेच ओठ. काल यांनी तो हात गालाशी धरला आणि डोळे मिटून बसले. मी तिथेच होते, त्याच हाताला जोडलेली. माझ्याकडे बघा, असं मी म्हटलं. त्यांनी 'श्श' केलं. गाणं चालू असताना कुणी बोललं तर करतात ना, तसं.

रागाने मी खिडकीच्या गजावर मनगट आपटलं. दुखलं नाही. उजवा हात कोपरापासून खाली दुखतच नाही आता. गरम वाटी उचलतो, मला कळतही नाही. यांच्या पानात भात वाढतो, कालवतो, तूप किती ते त्याला ठाऊक असतं. माझ्या पानात वाढायचं विसरतो.

चंद्रिका आली होती. तिला एकटीला गाठून सगळं सांगितलं, बिब्बासुद्धा. ती शिकलेली मुलगी आहे, म्हटलं डॉक्टरकडे नेईल. तिने हात पाहिला, शेपटावरून बोट फिरवलं. मग दोन पावलं मागे सरून हात जोडले आणि पुटपुटली, जाताना म्हणाली होतीस तसंच केलंस, मन्नी.

नुसतं 'मन्नी'.

मी तिचा पदर धरला, अंबुजा जाताना काय म्हणाली ते वदवून घेतलं. म्हणाली होती, "माझी जागा कोणास देऊं नका. मी येतें."

१७ सप्टेंबर

अक्षर असं का, तर डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा टाक धरत नाही. धरला तर तमिळ अक्षरं काढतो. मला ती लिपी येत नाही. वाचताही येत नाही. पानभर लिहिलं त्याने काल. फाडलं.

चक्र वाढलं नाही. पण कोपरापासून खालचा हात सावळा झालाय. मी गोरी आहे. कोपराशी शिवण घातल्यासारखी रेघ दिसते — इकडे मी, तिकडे ती.

आईला पत्र घातलं. डाव्या हाताने. पेटीत टाकायला निघाले, तर उजव्याने दाराची चौकट धरली. सुटेना. मोलकरणीच्या हाती दिलं. ते यांच्या खिशात सापडलं.

धोब्याची खूण आठवते. कपड्याला कुणी विचारतं का, तुला कुणाच्या घरी जायचंय? मी माझ्या हाताने तिची खूण अंगावर घातली. आता ती आपली वस्तू न्यायला आली तर —

२५ सप्टेंबर

आज अविधवा नवमी. सवाष्णपणी गेलेल्या बाईचं श्राद्ध. दरवर्षी घरात अंबुजाच्या नावाने सवाष्ण जेवते, तिला लुगडं देतात. मी दिवस मोजत होते. वाटलं, पिंड मिळाला की तृप्त होईल, जाईल. भटजी आले होते. सासूबाईंनी दारातूनच परत पाठवले.

का, म्हणून मी ओरडले.

त्यांनी शांतपणे माझा उजवा हात मांडीवर घेतला. "घरांत आहे तिचें श्राद्ध कोण करतें गे?"

मग म्हणाल्या, ती दुसरी कोण आली होती, सांगलीची — तिच्या आईस कळवायला हवं. पोर गेली म्हणून.

मी समोर बसले होते. मी इथे आहे, इथे आहे, म्हणत होते. हे दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली. दुःखानं नाही. लाजेनं. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. ते आंधळे नाहीत. त्यांना माहीत आहे मी आत आहे — आणि चालतंय त्यांना —

२७ सप्टेंबर

रविवार. दुपार. हे घरी.

सकाळी विळीवर — मनगट तोडायला — बसले होते. उजव्याने डाव्याचं बोट पिळलं. काय जोर. आवाज आला मोडल्याचा. तरी लिहिते. जी बोटं शिल्लक आहेत त्यांत टाक धरून.

डावा हात माझा आहे. हा तेवढा माझा. दंड माझा वाटत नाही. मान — अर्धी. आरशात उजवा डोळा माझ्या आधी मिटतो.

समई लावली आहे. दुपारी. मी नाही लावली.

उजव्याने आईची पुरचुंडी सोडली. तीन बिब्बे राहिले होते. एक सुईवर घेतला. ज्योतीवर धरलाय. तेल सुटलं. वास —

हे समोर येऊन बसलेत. सोवळं नेसून. मठात बसतात तसे. मी म्हटलं, अहो. मी शैला. मी तुमच्यासाठी घर सोडून आले. एकदा माझ्याकडे बघा. एकदाच.

बघत आहेत. किती प्रेमाने. असं कुणी माझ्याकडे जन्मात पाहिलं नाही. सुईकडे बघत आहेत.

म्हणतात, "लिहिणें ठेव गे, अंबु. हात सरळ धर. शंख राहिला होता."

मी सोडणार नाही टाक. लिहीत आहे तोवर मी आहे. ते पुढे वाकले. माझं डावं मनगट त्यांनी धरलं — त्यांनी — स्वतःच्या हाताने — अहो, पहिल्यांदाच तुम्ही माझा हा हात —